सतरावी चकती

सोमवार, ३ मार्च

प्रिय बारके,

अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच फळीवर टाकशील, मागच्या दोन पत्रांचं तेच झालं असणार. म्हणून या वेळी पाकिटाच्या मागेच मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे : 'ती चकती तुझ्या आठवड्याची नव्हती.' पोस्टमनने वाचलं असेल तर वाचू दे. तुझ्यावर ठपका ठेवला तेव्हा सगळ्या भांडाराने ऐकलंच होतं ना, मग हेही चार जणांनी वाचावं.

आता क्रमाने सांगते. मला क्रमाने सांगितल्याशिवाय जमत नाही, आणि त्याचा तुला किती वैताग येतो हेही मला माहीत आहे. सोस.

आपलं बियाणे भांडार नव्या इमारतीत चाललं आहे. तिथे थंड खोलीचं तापमान संगणक टिपून ठेवणार. म्हणजे आपलं ते कुरकुरणारं यंत्र निवृत्त झालं, माझ्याआधी सहा महिने. आठवड्यात एक फेरी पुरी करणारी कागदाची चकती, तिच्यावर शाईची रेघ ओढत बसलेलं ते पेन, आणि सोमवारी सकाळी जुनी चकती काढून नवी लावणाऱ्या आपण दोघी. एक आठवडा माझा, एक तुझा. उतरलेली चकती ढिगावर ठेवायची, वरची ताजी आणि खालची जुनी. चकतीवर तारीख लिहायची नाही, हा कायदा माझा. तू एकदा पेन्सिलीने लिहायला गेलीस तर मी म्हटलं होतं, ''मोजता येतं ना? मग हवं तेवढं मोजत मागे जायचं. लिहायचं कशाला?'' तू बोटांची पेरं मोजणारी, तुला अवघड जायचं. मला त्याची मजा वाटायची.

तर साहेबांनी जुन्या चकत्या रद्दीत काढायला सांगितल्या. तुला काढलं त्या वर्षीचा गठ्ठा मी सोडला. ढीग हातातून निसटला, चकत्या जमिनीवर पसरल्या, आणि काही पालथ्या पडल्या. पालथ्या पडलेल्या पाच चकत्यांच्या पाठीवरही रेघ होती.

आठवलं? त्या जुलैत चकत्यांचं नवं खोकं वेळेवर आलं नव्हतं. दहा आठवडे आपण प्रत्येक चकती दोनदा वापरली होती, एक आठवडा पोटावर आणि दुसरा पाठीवर. ही अक्कल माझीच. नियमात बसत नव्हतं म्हणून साहेबांना सांगितलं नव्हतं.

म्हणजे पाच चकत्यांत दहा आठवडे होते. आणि बियाणं मेलं म्हणून चौकशी झाली त्या दिवशी मी वरून खाली चकत्या मोजल्या. ज्या चकतीवर रेघ वर चढली होती, म्हणजे खोली तापली होती, ती सतरावी आली. सतरा चकत्या म्हणजे सतरा आठवडे असं मी म्हटलं आणि ११ ऑक्टोबरपासून मागे जात १४ जूनच्या सोमवारी पोचले. तो आठवडा तुझा होता. पण चकत्या सतरा असल्या तरी आठवडे बावीस होते. बावीस मागे गेलं की १० मे येतो. मी तीनदा मोजलं, तुझ्या भाऊजींकडून एकदा मोजवून घेतलं.

थंड खोलीचं दार उघडं राहिलं ते तुझ्या आठवड्यात नाही. वाण तयार करणाऱ्या आपल्या बाईंचं बियाणं तुझ्यामुळे गेलं नाही. तुला काढून टाकलं ते चुकीच्या हिशेबावर.

तो आठवडा कुणाचा होता ते आता उकरून काढण्यात अर्थ नाही. तुझा नव्हता, एवढं पुरे.

'लोभ असावा' असं शेवटी लिहायची पद्धत आहे, पण ते मागायला तोंड लागतं. नुसतंच,

तुझी ताई


बुधवार, १२ मार्च

बारके,

साडेतीन वर्षांनी तुझं कार्ड आलं, आणि त्यावर शब्द तीन. 'मग कुणाचा होता?'

खाली नाव नाही, वर प्रिय नाही. तरी मी ते कार्ड भाऊजींना दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, ''अगं, एवढ्याशा कार्डाला चष्मा कशाला लावतेस?''

तुला उत्तर ठाऊक आहे. एक आठवडा तुझा, एक माझा. तुझा नाही म्हटल्यावर कुणाचा, हे शेजारच्या मांजरालाही कळेल. पण तुला ते माझ्या अक्षरात हवं आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच मागितलं असतं. घे तर.

माझा होता.

१० मेच्या त्या आठवड्यातला शनिवार. मला चष्मेवाल्याकडे जायचं होतं, दुकान एकला बंद होतं. माझ्या दोन्ही हातांत रिकामे डबे, काखेत पिशवी. थंड खोलीतून बाहेर आले आणि दार टाचेने मागे लोटलं. कडी बसल्याचा तो 'खट' आवाज ऐकल्याशिवाय जायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं? मीच. मी तो आवाज ऐकला नाही आणि निघाले. सोमवारी आले तर दार दोन बोटं उघडं. आतली हवा बाहेरच्यासारखीच. ढकललं, खट वाजलं, गारव्याच्या यंत्राची घरघर सुरू झाली, आणि मी मनाला सांगितलं, दोन बोटांनी काय होतंय. आठवडा माझा संपत होता, म्हणून चकती मीच उतरवली. रेघ वर गेलेली दिसली. पेन अडकलं असेल म्हटलं आणि ढिगावर ठेवली. तू दहा मिनिटांनी आलीस. तुला काही सांगितलं नाही.

ऑक्टोबरात बाई तो ट्रे घेऊन आल्या. ओल्या कागदावर शंभर बिया मांडलेल्या, त्यांतल्या उगवल्या होत्या सात. एकोणीस वर्षं एका वाणावर खपलेली बाई, आणि त्या डब्यातलं सगळं बियाणं मेलेलं. त्या ओरडल्या तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. साहेब म्हणाले, ''चकत्या काढा. कधी झालं ते कळलं की कुणाकडून झालं ते कळेल.'' मी ढीग टेबलावर ठेवला. ती वर चढलेली रेघ कुठली असेल याची मला शंका होती, शंका कसली, धाकधूक होती.

मोजलं. सतरा आले.

विषम आकडा. त्या दिवशीचा आठवडा माझा होता, म्हणजे मागचे सम आकडे माझे आणि विषम तुझे. सतरा म्हणजे तू.

बारके, आता लिहिते ते नीट वाच, कारण हे पुन्हा लिहायची हिंमत होणार नाही. सतरा आले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. 'माझी नाही ही, माझ्या दाराचं काही झालं नव्हतं, हे दुसरंच काहीतरी,' असं म्हणून मला बरं वाटलं. तू दाराशी उभी होतीस. साहेबांनी तुला विचारलं, ''कबूल आहे?'' आणि तू म्हणालीस, ''ताईने मोजलंय म्हणजे बरोबरच असेल.''

मी कुठलीही गोष्ट दोनदा मोजते. मीठसुद्धा. त्या दिवशी एकदाच मोजलं.

उलटलेल्या चकत्यांचं मी साफ विसरले होते. हे मात्र खरं.

ताई


शुक्रवार, २१ मार्च

बारके,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी तुला उत्तर द्यायला साडेतीन वर्षं लावली, तुला नऊ दिवसही देऊ नयेत म्हणजे कमाल झाली.

कामाचं आधी. मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. टाच, दार, चष्मेवाला, सगळं. गठ्ठा सोबत नेला होता. त्यांनी स्वतः मोजलं, पालथ्या बाजू बघितल्या, मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, ''एवढं कशाला बोललात? सहा महिन्यांत निवृत्त झाला असतात.'' मी म्हटलं, ''म्हणूनच.'' त्यांनी माझ्याकडून लेखी घेतलं. पाकिटात दुसरा कागद आहे तो त्यांचा आहे, शिक्क्यासकट : तुझ्याकडून कसलीही चूक झाली नव्हती आणि तुला काढणं अन्यायाचं होतं. तिसऱ्या ओळीतला 'खेदजनक' हा शब्द मी आग्रहाने घालायला लावला. त्यांना 'अनवधानाने' हवा होता.

माझ्या निवृत्तीला त्यांनी हात लावला नाही, पण थंड खोलीची किल्ली काढून घेतली. बरोबर केलं.

मग बाईंकडे गेले. तुला वाटत असेल त्या पुन्हा ओरडल्या. नाही. त्या रोपांना पाणी घालत होत्या, झारी तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या चपलेवर पडत होतं. मग म्हणाल्या, ''ओरडायचं ते ओरडून झालं माझं. पण चुकीच्या मुलीवर ओरडले, ते आता परत कसं घेऊ?''

आणि ऐक, हे तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. त्या ट्रेमधली उगवलेली सात रोपं बाईंनी फेकली नव्हती. त्यांनी ती एकेक करून वाढवली, दोन मेली, पाचांनी बी धरलं. ते पेरलं, पुन्हा धरलं. आता तीन डबे भरलेत, ते त्या भांडारात नाही, स्वतःच्या घरी ठेवतात. चाचणीत शंभरातले ब्याण्णव उगवतात. वाण गेला नाही, बारके. साडेतीन वर्षं तू आणि मी, दोघी एका न मेलेल्या गोष्टीचं सुतक धरून बसलो होतो.

बाईंनी विचारलं, ''हे तुमच्या लक्षात कधी आलं?'' मी म्हटलं, ''परवा. कपाट आवरताना.''

ते खोटं होतं. तुलाही तेच लिहिलं होतं मी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं.

तू गाव सोडून गेल्यावर तिसऱ्या सोमवारी मी चकती बदलत होते. नवी चकती हातात घेतली आणि सवयीने पालथी करून बघितली, पाठ कोरी आहे ना म्हणून. हात तिथेच थांबला. मला दहा आठवडे आठवले. सतरा आणि पाच किती होतात, याला काही पेरं लागत नाहीत. पण मी ढीग उपसला नाही. दोरीने गठ्ठा बांधला, गाठीवर गाठ मारली आणि वरच्या कप्प्यात ढकलला. मनाशी म्हटलं, मोजलं नाही म्हणजे माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणजे खोटंही बोलत नाही. अशी मी हुशार.

त्यानंतर दर सोमवारी त्या कपाटासमोर उभी राहून चकती बदलली. खाई त्याला खवखवे. तुला दोन पत्रं लिहिली त्यांत हवापाण्याच्या गप्पा लिहिल्या, ती तू फोडली नाहीस हे बरंच झालं. आणि आता चकत्या पसरल्या, पालथ्या पडल्या, असं जे लिहिलं तेही खरं नाही. त्या पडल्या नाहीत. रद्दीवाला उद्या येणार हे ऐकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की गठ्ठा गेला की मला कुणी कधीच पकडणार नाही. त्याचीच भीती वाटली. मी कात्रीने दोरी कापली आणि एकेक चकती उलटून बघितली.

उद्या बाईंनाही हे सांगणार आहे. पण आधी तुला.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते वाचलं की तुला काहीतरी करावं लागेल. तू काही करू नकोस. फक्त तो शिक्क्याचा कागद जपून ठेव.

ताई


गुरुवार, २७ मार्च

ताई,

तुझी तिन्ही पत्रं समोर आहेत. आधीची दोन पण काल फोडली. त्यांत तू हवेबद्दल सहा ओळी लिहिल्या आहेस आणि पालीबद्दल चार. तेव्हाच कळायला हवं होतं की तुझं काहीतरी बिनसलंय. तू पालीवर कधी एक ओळ खर्च करशील?

मी रागावले आहे. पहिल्यांदा तेच लिहिते. तू दार उघडं टाकलंस त्याचा नाही, ते माझ्याकडूनही झालं असतं. तिसऱ्या सोमवारचा राग आहे. तो लगेच जाणार नाही, तू समजूत काढायला बसू नकोस.

आता दुसरं. तुला वाटत असेल मी तेव्हा कबूल केलं ते तुझ्या भिडेखातर. तसं नाही गं. मला खरंच वाटलं की ते मीच केलं. जूनमध्ये एकदा मी ट्रे आत-बाहेर करताना दार दहा मिनिटं उघडं ठेवलं होतं. तू सतरा म्हणालीस आणि मी त्या दहा मिनिटांचे मनात दोन दिवस करून टाकले. मला अगदी दिसायला लागलं, मी दार तसंच टाकून घरी जातेय. तुझा हिशेब चुकत नाही हे मी शाळेपासून ऐकत आले, मग माझी आठवणच चुकत असणार. चकत्या उलटून वापरल्या होत्या हे मलाही माहीत होतं की. पण तू मोजल्यावर मी कशाला मोजू?

इथे शिंप्याच्या दुकानात दिवसभर काजं करते. काम बरं आहे. मालकीणबाई दर वर्षी खिडकीत कुंड्या लावतात आणि मला पाणी घालायला सांगतात. मी कधी हात लावला नाही. माझ्या हाताने काही मरेल असं वाटायचं. त्यांना वाटतं मला मातीचा कंटाळा आहे.

काल तुझं पत्र दुकानातच वाचलं. मग उठून सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं. इतकं घातलं की खालच्या चहावाल्याने वर बघून शिव्या दिल्या. मालकीणबाई म्हणाल्या, ''आज काय झालं तुला?'' मी म्हटलं, ''बावीस आठवडे होते.'' त्यांना काही कळलं नाही. मला हसू यायला लागलं आणि रडू पण, काजाचे दोन शर्ट वाया गेले.

ताई, मी काल नऊ तास झोपले.

मोकळं वाटतंय. आणि ते तुझ्यामुळे वाटतंय याचा पुन्हा राग येतो. असू दे दोन्ही.

बाईंना सांग, त्यांनी ते परत घ्यायची गरज नाही. त्याऐवजी त्या तीन डब्यांतलं चिमूटभर बी मला द्यावं. मी स्वतः न्यायला येईन. सहा आठवड्यांनी येते.

बारकी


रविवार, ६ एप्रिल

प्रिय बारके,

('प्रिय' पुन्हा लिहिलं आहे. खोडायचं असेल तर तू खोड.)

तुझं पत्र आलं तेव्हा मी ओट्याशी होते. भाऊजींनी पाकीट पुढे केलं आणि जाडी बघून म्हणाले, ''या वेळी तीन शब्द नाहीत.'' मी खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी त्यांनीच वाचलं. 'नऊ तास झोपले' इथे आल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते तर लग्नातसुद्धा न रडणारे.

तू मोकळी झालीस, मला आणखी काही नको. राग ठेव. लागेल तेवढे दिवस ठेव, मी समजूत काढायला येत नाही. पण तू साडेतीन वर्षं कुंड्यांना हात लावला नाहीस ते माझ्यामुळे, हे मला कुठे ठेवावं ते अजून कळलेलं नाही. ते माझं मी बघेन.

सतरा आले तेव्हा वाटलं होतं तेही हलकं वाटणंच होतं. पण ते चोरून खाल्ल्यासारखं होतं, कुणी येईल म्हणून कान दाराकडे. आजचं तसं नाही. आज दुपारी मी जेवून आडवी झाले आणि कपाट आठवलं नाही. चारला जाग आली तेव्हा लक्षात आलं की आठवलं नाही.

बाईंना तिसऱ्या सोमवारचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, ''ते तुमच्या बहिणीने बघायचं, मी नाही.'' तुझ्या बियांचा निरोप दिला तेव्हा मात्र हसल्या. चिमूटभर नाही म्हणाल्या, मोजून शंभर देणार. पुडी बांधून ठेवली आहे. वर तारीख लिहिली आहे, मी सांगितलं म्हणून.

आता एकच अडचण. तू लिहिलंस 'सहा आठवड्यांनी येते'. तारीख नाही. जगात मला हे असं लिहायचा हक्क कुणाला असेल तर तुलाच आहे, आणि तू ते मुद्दाम केलं आहेस, हेही मला कळतं.

तू पत्र लिहिलंस त्या गुरुवारपासून सहा मोजले तर ८ मे येतो. पत्र माझ्या हातात पडलं त्या सोमवारपासून, म्हणजे ३१ मार्चपासून मोजले तर १२ मे. आणि चालू आठवडाच पहिला धरायची तुझी जुनी खोड असेल, तर १ मे. मी दोनदा मोजलं. मग तुझ्यासारखी पेरांवर मोजलं. मग कॅलेंडर काढून प्रत्येक तारखेवर बोट ठेवत मोजलं. या वयात मला माझ्या हिशेबाची खात्री देता येत नाही, आणि तुला विचारणारही नाही, कारण तू सांगशील आणि मजा जाईल.

भाऊजी म्हणतात, तिन्हींतली बरोबर तारीख कुठली ते ठरव म्हणजे स्टँडवर जाता येईल. मी त्यांना म्हटलं, ठरवायचं काही नाही. मी तिन्ही दिवशी जाऊन उभी राहणार आहे.

तुझी ताई